चौघांत एक टॉवेल

शनिवारची संध्याकाळ, सिनेमाची तिकिटं पर्समध्ये आणि आम्ही डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये! चार वर्षांच्या लेकीच्या मांडीवर पुन्हा केस्तूड. सहा महिन्यांतलं तिसरं. 'उष्णता झालीय, आंबे बंद करा,' हे सासूबाईंचं निदान. बिचारे आंबे!

डॉक्टरांनी पू काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात हा जंतू काही त्रास न देता मुक्कामाला असतो. कातडीवर ओरखडा मिळाला, की आत शिरतो.

''घरात आणखी कुणाला फोड येतात?'' डॉक्टरांनी विचारलं. मी गप्प. नवऱ्याच्या मानेवर दाढीनंतर येणाऱ्या पुळ्या, माझ्या काखेतलं गळू... आम्ही सगळं घामोळ्यांच्या खात्यावर टाकलेलं. त्यात बाथरूममध्ये चौघांत टॉवेल एकच!

अमेरिकेत सेंट लुइसच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये अशा मुलांवरचा अभ्यास छापला. पाच दिवस नाकात म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिननं आंघोळ. हे फक्त मुलानं केलं, तर वर्षभरात ७२ टक्के मुलांना पुन्हा फोड आले. अख्ख्या घरानं केलं, तेव्हा ५२ टक्क्यांना. रामबाण नाहीच, पण शंभरातली वीस मुलं सुटली ना!

आमच्या डॉक्टरांनीही चौघांना तेच लिहून दिलं. टॉवेल चार रंगांचे आले, अभ्रे गरम पाण्यात गेले. सासूबाई मात्र अडल्या. ''मला काय धाड भरलीय?''

''आजी, आधी तू,'' लेक म्हणाली. मग मुकाट्यानं नाक पुढे आलं.

आंबे अर्थातच चालू होते.