फरशी पाहावी ओली करून

दिवाणखान्याची फरशी पाहुण्यांसाठी असते, स्वयंपाकघराची घरच्या बाईसाठी. ही साधी गोष्ट घर सजवणाऱ्या मंडळींच्या ध्यानात का येत नाही, कोण जाणे! दारापासून जी आरशासारखी चकचकीत फरशी सुरू होते, ती थेट गॅसच्या ओट्याखाली जाऊन थांबते. दिसते छान, यात वाद नाही. पण आपल्या स्वयंपाकघरात काय काय सांडते याचा हिशेब कुणी केला आहे का? फोडणीचे तेल उडते, तांदूळ धुतल्याचे पाणी ठिबकते, कणकेचे पीठ पसरते. आणि या साऱ्यावरून आपण अनवाणी, ओल्या पायांनी, हातात कढत आमटीचे पातेले घेऊन वावरत असतो.

जुन्या घरांत शहाबादी फरशी असे. कर्नाटकातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड. काळपट, खडबडीत, सांध्यांत पीठ अडकवून ठेवणारा. पण पायाला धरून ठेवणारा! शिवाय मोरीकडे उतार असल्याने सांडलेले पाणी आपली वाट आपण शोधी. ब्लॉकमधल्या स्वयंपाकघरातून बहुधा मोरी गेली आणि तिच्याबरोबर उतारही गेला. पाणी आता जिथे सांडते तिथेच बसून राहते.

आमच्या शेजारच्या काकू २०२३ च्या पावसाळ्यात अशाच बसून राहिलेल्या पाण्यावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. साऱ्या इमारतीला चकलीची भाजणी करून देणाऱ्या या बाई. आता वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जातात आणि तिथूनच परततात. म्हणून आमची लादी बदलायची ठरली तेव्हा मी एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंनाच दुकानात घेऊन गेले.

“आजी, ही व्हिट्रिफाइड घ्या. डाग म्हणून पडायचा नाही,” दुकानदार म्हणाला.

“डाग नाही पडायचा रे, पण मी पडेन त्याचे काय?” असे म्हणून आईंनी चपला काढल्या, नमुन्याची लादी जमिनीवर ठेवायला लावली, तिच्यावर पेलाभर पाणी ओतवले आणि माझा हात धरून तिच्यावर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “आता थोडे तेल आण बघू.” दुकानदार बिचारा खोबरेल घेऊन आला!

गंमत अशी, की जर्मनीत हीच परीक्षा शास्त्र म्हणून घेतात. तेल लावलेल्या फरशीवर माणसाला चालवतात आणि त्याचा पाय सुटेपर्यंत तिचा उतार वाढवत नेतात. त्यावरून फरशीला आर-९ ते आर-१३ असा क्रमांक मिळतो. आकडा मोठा तितकी पकड अधिक. दुकानदाराला हा क्रमांक जरूर विचारा. घराला आर-१० पुरेशी, असे माझे मत. त्याहून फार खरबरीत फरशी हॉटेलच्या भटारखान्यात शोभेल. घरी ती पुसता पुसता जीव मेटाकुटीला येईल.

दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. व्हिट्रिफाइड लादी पाणी शोषते ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी, त्यामुळे हळद तिच्यात मुरत नाही. फक्त ती चकचकीत न घेता मॅट घ्यावी. भिंतीची लादी स्वस्त मिळाली तरी जमिनीवर लावू नये. तिला तो भार सोसत नाही. राजस्थानातला कोटा दगड थंड, टिकाऊ आणि खिशाला परवडणारा. मात्र त्याला आरशासारखे पॉलिश करू देऊ नका. कोटा, शहाबादी, संगमरवर यांना आंबटाचे वावडे आहे. लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिले की पांढरट चट्टे उठतात. त्यांवर न्हाणीघरातले ॲसिड ओतणे म्हणजे तर दगड खरवडून काढणेच!

लादी निवडून काम संपत नाही. खरी मेख गवंड्यापाशी आहे. लादीच्या चार कोपऱ्यांना सिमेंटचे गोळे लावून ती चिकटवली, की मध्ये पोकळी राहते आणि एक दिवस वरवंटा पडून ती तडकते. काम चालू असतानाच प्रत्येक लादी नाण्याने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथल्या तिथे काढायला लावा. सांध्यांत साधे सिमेंट भरले तर महिन्याभरात ते हळदकुंकवासारखे दिसू लागेल. इपॉक्सी महाग पडते, पण ते तेल-हळद पीत नाही. इतर ठिकाणी काटकसर करा, इथे नको.

आम्ही एक फुटी, राखाडी, मॅट लादी घेतली. “फारच उदास रंग,” असे ह्यांचे म्हणणे. पण ह्यांना स्वयंपाकघरात उभे राहायचे असते ते चहापुरते. सहा लाद्या जास्तीच्या घेतल्या, कारण पुढच्या खेपेचा रंग हुबेहूब जुळेलच असे नाही. पाच माळ्यावर आहेत. सहावी आईंनी खाली काढून घेतली आहे. दिवाळीत तळणीची कढई उतरवून ठेवायला ती बरी पडते म्हणतात.