पाळीव कुत्रा : दत्तक व खरेदी

पाळीव कुत्रा मिळविण्याचे सामान्यतः दोन मार्ग आढळतात : बेवारस किंवा रस्त्यावर जन्मलेले कुत्रे दत्तक घेणे आणि पैदास करणाऱ्याकडून जातिवंत पिलू विकत घेणे. रत्नागिरीसारख्या कोकणातील जिल्ह्यात गावठी कुत्रीचे पिलू शेजाऱ्याकडे मागण्याची रीत जुनीच आहे. मात्र बहुधा नर मागितला जातो व माद्या वाऱ्यावर सोडल्या जातात. वास्तविक निर्बीजीकरण केलेली मादी पाळण्यास कोणतीच अडचण नसते.

गावठी कुत्र्याचे आखूड केस येथील दमट हवेस व दीर्घ पावसाळ्यास अनुरूप असतात. उलट सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड यांसारख्या थंड प्रदेशांतील दाट केसांच्या जातींना उष्मा बाधतो व त्वचारोग सहज जडतात. पिलू विकतच घ्यावयाचे झाल्यास त्याची आई व तिची राहण्याची जागा प्रत्यक्ष पाहणे वंशावळीच्या कागदाहून अधिक मोलाचे ठरते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक असून ८ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही. दत्तक पिलाचा पूर्ववृत्तांत सहसा ज्ञात नसल्याने पशुवैद्याकडून तपासणी व जंतनाशक औषध प्रथम द्यावे लागते. अलर्क रोगावरील (रेबीज) लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात टोचतात.