मशेरीच्या जागी ब्रश

खानदेशात दात घासण्याची नवी सवय कोऱ्या पाटीवर लावता येत नाही. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी, राखुंडी आणि मशेरी यांतले काहीतरी घरात असतेच. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटाने दात-हिरड्यांवर घासतात आणि बराच वेळ तोंडात धरतात. दातांसाठी म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे तलफ होते. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली, पण घरच्या तव्याला कायदा पोहोचत नाही.

म्हणून धुळ्याच्या एसीपीएम दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी असो की जळगावच्या एखाद्या खासगी दवाखान्यात, कामाची सुरुवात ब्रशपासून करून चालत नाही. “मावशी, दिवसातून किती वेळा लावता?” असे सहज विचारले तर खरा आकडा कळतो. “मशेरी लावता का?” असे दरडावून विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. मग तोंडाची तपासणी होते. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा आहे का, हे पाहतात. गुटखा खाणाऱ्याला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतात. ती जात नसतील तर तोंड आखडू लागले आहे, असे समजून पुढची तपासणी करतात.

त्यानंतर दातांवर रंगाचा द्रव लावून चूळ भरायला देतात. जिथे कीट आहे तिथे रंग टिकतो. रुग्णाच्या हाती आरसा दिला की निम्मे भाषण वाचते. तिथेच त्याला ब्रश करायला सांगून हात कसा चालतो ते पाहतात. बहुतेकांचा हात करवतीसारखा आडवा चालतो. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी 45 अंशांत टेकवून जागच्या जागी हलका हलवायचा आणि सगळे मिळून दोन मिनिटे द्यायची, एवढेच शिकवायचे असते.

खरी अडचण घरी गेल्यावर येते. सुजलेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त येते आणि ‘ब्रश सोसत नाही’ म्हणून तो कोनाड्यात पडतो. रक्त सुजेमुळे येते, हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे. दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये डेन्मार्कमधला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. मात्र आत हाड झिजले असेल तर नुसत्या ब्रशने भागत नाही. तिथे दातांची सफाई लागते. ‘सफाईने दात ढिले होतात’ हा समज मात्र चिवट आहे. दात आधीच ढिला झालेला असतो. दगडासारख्या घट्ट किटाने तो धरून ठेवलेला असतो, इतकेच.

सवय टिकते ती जुन्या सवयीच्या वेळेला बांधल्यावर. कापूस वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला ‘सकाळ-संध्याकाळ’ सांगून भागत नाही. मशेरीचा डबा जिथे असतो तिथे ब्रश ठेवायचा आणि रात्रीची भांडी आवरली की घासायचे, असे ठरवावे लागते. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते. मशेरी एकदम सुटली नाही तरी पुढच्या भेटीचे बोलणे चालू ठेवतात. रागावल्यास रुग्ण परत येत नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा रंग लावतात. पुढचे दात बहुधा स्वच्छ निघतात. खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला रंग अजून असतो.