टोकियोत पदक, पण पुढे ऑलिम्पिकच नाही! कराटे शिकणाऱ्या मुलींनी काय लक्षात घ्यावं?

नाकाडोंगरी (ता. तुमसर) : मुलगी कराटे शिकते, पण पुढे काय? पालकांच्या या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इटलीच्या विवियाना बोत्तारोच्या कारकिर्दीत सापडतं.

बोत्तारो कोण?
जेनोव्हाची ही खेळाडू ‘काता’ प्रकारातली. यात समोरासमोर मारामारी नसते. ठरलेल्या हालचालींना पंच गुण देतात. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या साकुरा कोकुमाईला हरवून तिनं कांस्यपदक जिंकलं. तेव्हा ती ३३ वर्षांची होती.

अडचण कुठे?
ऑलिम्पिकमध्ये कराटे फक्त टोकियोत झालं. पॅरिस २०२४ मध्ये ते नव्हतं, लॉस एंजेलिस २०२८ मध्येही नाही. आशियाई स्पर्धेत मात्र १९९४ पासून आहे.

नोकरीचं काय?
बोत्तारो इटालियन पोलिसांच्या ‘फियामे ओरो’ क्रीडा पथकाची खेळाडू. महाराष्ट्रातही सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय’ नाव पाहून फी भरू नका. स्पर्धेला मान्यता आहे का, हे आधी भंडाऱ्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.