दोष शेवटच्या घासाचाच का?

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, गराडू, रबडी यांचा आस्वाद घेत मंडळी मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतात. पुढे कोणाचे पोट बिघडले, तर शेवटी खाल्लेल्या पदार्थाला दोष देऊन तो मोकळा होतो. वास्तविक खरा अपराधी पुष्कळदा निराळाच असतो, आणि त्याचा माग घड्याळावरून काढावा लागतो.

खाल्ल्यानंतर पाच-सहा तासांच्या आत जोराच्या वांत्या सुरू झाल्या, तर विष बहुधा अन्नातच आधी तयार झालेले असते. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू निरोगी माणसाच्या नाकात व त्वचेवरही आढळतो. बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर तो विपुल असतो. हाताळणाऱ्याच्या हातून तो रबडीत किंवा खव्यात उतरला आणि तो पदार्थ उबेत राहिला, म्हणजे जंतू वाढून विष सोडतो. शिजवून तसाच ठेवलेल्या भातात बॅसिलस सीरिअस हा जंतू हेच करतो. या दोघांचे वांतिकारक विष उकळीनेही नष्ट होत नाही. तेव्हा बिघडलेला पदार्थ पुन्हा तापविला की निर्धोक झाला, ही समजूत घातक होय. अशा पदार्थाच्या चवीत वा वासात फरक पडतोच असेही नाही.

साल्मोनेलाची तऱ्हा वेगळी. हा जंतू पोटात गेल्यावर आतड्यात वाढतो. लक्षणे दिसण्यास सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत अवधी लागतो. मग ताप, कळा व जुलाब सुरू होतात. म्हणजे रविवारच्या दुखण्याचे मूळ शनिवारच्या सराफ्यात नसून, गुरुवारी घरी खाल्लेल्या अर्धकच्च्या अंड्यातही असू शकेल. पाणीपुरीचे पाणी, बर्फ व कच्च्या चटण्या यांना तर आचेचा स्पर्शच नसतो. तेथे सारी भिस्त पाण्याच्या शुद्धतेवर असते.

इंदूरच्या छप्पन दुकानाला 2019 साली स्वच्छ खाद्यपेठेचा राष्ट्रीय दर्जा मिळाला. परंतु स्वच्छतेइतकेच महत्त्व तापमानाला आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून कढईतून थेट पानात आलेला पदार्थ, तासन् तास परातीत राहिलेल्या पदार्थाहून केव्हाही बरा.

जुलाब-वांत्यांत खरा धोका शरीरातील पाणी आटण्याचा असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. शौचावाटे रक्त, तीव्र ताप, ग्लानी वा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास, तसेच रोगी तान्हे मूल, गर्भवती वा वृद्ध असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. आणि तेथे केवळ शेवटचा घास न सांगता, मागील तीन-चार दिवसांचा आहार वेळेसह सांगावा. निदानाचा धागा पुष्कळदा त्यातच सापडतो.