सीएनसीच्या आधी व्हर्नियर : मशीन शॉपचं काम शिकताना पाया कुठं घालायचा?

सांगली : दहावीचा निकाल लागला की पलूस, तासगाव, कडेगाव भागातल्या घरांत एकच चर्चा सुरू होते, पोराला पुढं काय शिकवायचं? कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीत मशीन शॉप आहेत, त्यामुळे 'सीएनसी शिकला की काम मिळतं' हे सगळ्यांच्या तोंडी असतं. काम मिळतंही. पण दोन-तीन महिन्यांत फक्त बटणं शिकलेला मुलगा जॉब लावणं-काढणं यावरच अडकतो. टूल झिजून माप सरकलं तर ते त्याला कळत नाही आणि पाळी संपेपर्यंत नगांचा ढीग रिजेक्ट होतो. माप, ड्रॉइंग आणि साधं लेथ मशीन यांची समज असलेला मुलगा मात्र पुढं सेटर होतो. फरक पायाचा आहे.

शतांशाचा हिशेब

शेतातलंच उदाहरण घ्या. द्राक्षबागेच्या ब्लोअरचा किंवा मोटारीचा शाफ्ट झिजतो. गावातला लेथवाला वेल्डिंगनं भर घालून तो पुन्हा टर्निंग करतो. त्यावर ६२०५ नंबरचं बेअरिंग बसणार असेल, तर बेअरिंगचं आतलं भोक २५ मि.मी. असतं. शाफ्ट नेमका २५ किंवा त्याहून एखादा शतांश जास्त, म्हणजे २५.०१ हवा. तो २४.९० झाला तर बेअरिंग हातानंच सरकतं, शाफ्टवर घसरत फिरतं, तापतं आणि ऐन फवारणीत मशीन बंद पडतं. चूक फक्त ०.१ मि.मी.ची, म्हणजे जवळपास एका जाड केसाएवढी!

पट्टीवर हा फरक दिसत नाही. नेहमीच्या व्हर्नियरवर मुख्य पट्टीचे ४९ मि.मी. सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणून तो ०.०२ मि.मी. पर्यंत वाचता येतो. मुख्य पट्टीवर २४ आणि सरकत्या पट्टीची ४५ वी रेघ जुळली, तर ४५ गुणिले ०.०२ म्हणजे ०.९०. माप झालं २४.९०. मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत दाखवतो. दोन्ही वापरण्याआधी जबडे पुसून, मिटवून शून्य जुळतंय का बघायचं. हाताला ही सवय लागायलाच काही आठवडे जातात.

लेथवरच्या पहिल्या दोन गोष्टी

नव्या पोरांची हमखास चूक म्हणजे कट. टूल ०.५ मि.मी. आत घेतलं की व्यास १ मि.मी.नं कमी होतो, कारण जॉब फिरतो आणि माल दोन्ही बाजूंनी निघतो. हे विसरलं की जॉब भंगारात. घातलेला माल परत येत नाही, म्हणून शेवटचे कट बारीक घ्यायचे आणि मध्ये मशीन थांबवून मोजायचं.

दुसरी गोष्ट वेग. सूत्र सोपं आहे : कटिंग स्पीडला १००० नं गुणा आणि ३.१४ गुणिले व्यासानं भागा. हायस्पीड स्टीलच्या टूलनं माइल्ड स्टील कापताना मिनिटाला २५ मीटर धरले, तर ५० मि.मी. जॉबला साधारण १६० आरपीएम येतात, २५ मि.मी.ला ३२०. जॉब बारीक, तर फेरे जास्त. सीएनसीच्या प्रोग्रॅममध्येही हाच हिशेब असतो.

हातमोजे नकोत!

हात वाचवायला हातमोजे घालावेत असं वाटतं, पण लेथवर तेच घात करतात. फिरत्या चकात मोज्याचा धागा अडकला तर हात ओढला जातो. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांचंही तेच. चकची चावी चकात ठेवून मशीन सुरू करायचं नाही. जॉब फिरत असताना मोजायचं नाही. लोखंडाचा कीस हातानं नव्हे, आकड्यानं किंवा ब्रशनं काढायचा आणि डोळ्यांवर चष्मा कायम हवा.

शिकायचं कुठं?

आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दहावीनंतरचे २ वर्षांचे ट्रेड आहेत. प्रवेश ऑनलाइन होतात, पसंतीक्रम भरताना ट्रेड विचार करून निवडावा. पास झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते आणि त्यात विद्यावेतन मिळतं. दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही खुला आहे.

खासगी कोर्सची फी भरण्याआधी पालकांनी तिथं जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : पोराला स्वतःच्या हातानं मशीन चालवायला किती तास मिळणार? व्हर्नियर-मायक्रोमीटर प्रत्येकाच्या हातात येणार का? ड्रॉइंग वाचायला शिकवणार का? उत्तरं गोलमोल आली, तर फी खिशातच ठेवलेली बरी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये याच भागातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथं लोखंडी नांगर तयार होऊ लागले. तेव्हापासून इथल्या शेतीला लोखंडाचं काम जाणणारे हात लागतात. आजही लागतात, फक्त त्या हातांना शतांश मोजता यायला हवा.