अर्पणपत्रिकेपासून सिएटलपर्यंत

आंबेडकर आणि जोतीराव फुले या दोघांचीही इंग्रजी चरित्रं लिहिणारे धनंजय कीर रत्नागिरीत जन्मले. मराठी लेखनाचं अमेरिकेतल्या वंशभेदाशी जे जुनं नातं आहे, त्याचे महत्त्वाचे धागे या दोन चरित्रनायकांपाशी येतात, आणि एक धागा थेट रत्नागिरी जिल्ह्यातल्याच दापोलीतून जातो.

सुरुवात 1873ची. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटल्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आस होती. आत धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरं देतात आणि मत्स्य-वराहापासूनच्या अवतारकथा एकेक करून उसवल्या जातात. हजारो मैलांवरच्या मुक्तीचा आधार घेऊन आपल्या गावच्या दास्याला हात घालायचा, ही झेप आजही थक्क करते.

पण त्या मुक्तीची अवस्था काय होती? त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुईझियानातल्या कोलफॅक्स इथे न्यायालयाच्या इमारतीचं रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्या जमावाने हल्ला केला. शरण आलेल्यांनाही ठार मारलं. ज्या थोड्या जणांवर दोष सिद्ध झाला, तेही 1876च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. 1865च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली खरी, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी करून घ्यायला वाट ठेवली. दक्षिणेतल्या राज्यांनी त्याच वाटेने कृष्णवर्णीय कैदी मळ्यांना आणि खाणींना भाड्याने दिले. तुरुंगातली ही सक्ती बंद करण्याचा प्रस्ताव 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी फेटाळला.

दापोलीचा धागा फारसा कोणी उलगडत नाही. फुल्यांच्या विचारांनी पेटलेले गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन तिथे राहिले. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता, असा जाब विचारला. दापोलीत लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. आंबेडकरांचे वडील, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. धाकटा भीमराव तेव्हा अगदी लहान होता.

हाच भीमराव 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. नेमक्या त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने संघराज्याच्या कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवण्याचं धोरण पसरवलं. फुल्यांनी ज्या देशाकडे आशेने पाहिलं, तो देश आंबेडकरांनी डोळसपणे अभ्यासला. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून त्यांनी अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली, कारण गुलामाला निदान आपण गुलाम असल्याचं कळतं.

1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांसाठीही तसंच पाऊल टाकण्याचा विचार होता. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेर उत्तर पाठवलं: आपल्याला त्यांचं नाव ठाऊक आहे आणि अस्पृश्यांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पुढे 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

आता प्रवाह उलटा वाहतो. 2020 मध्ये इझाबेल विल्करसन यांनी ‘कास्ट’ या पुस्तकात अमेरिकेचा वंशभेद समजून घ्यायला जातीचीच चौकट वापरली. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटलने जातिभेदाला बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियात असंच विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असं त्यांचं म्हणणं. कायदा असूनही दोषी सुटले, हा कोलफॅक्सच्या खटल्यांचा इतिहास पाहता हे उत्तर पटण्यासारखं नाही.